मदत हवी आहे : स्फोटात जखमी, अपंगत्व 44 टक्के, योजनेची अट 50 टक्के

माझा आतेभाऊ बाजारातल्या बॉम्बस्फोटात जखमी झाला. डाव्या गुडघ्यातले छर्रे काढले, पण पाय पुरता वाकत नाही. जिने चढून पार्सलं पोचवायचं काम होतं, ते सुटलं. दिव्यांग प्रमाणपत्रावर 44 टक्के कायमचं अपंगत्व लिहिलंय.

दहशतवादी, नक्षलवादी हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांसाठी केंद्राची 2008 पासून योजना आहे. 2016 मध्ये रक्कम तीनाची पाच लाख केली. पण ती मिळते मृत्यू झाला तर, नाहीतर 50 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असेल तर. तिकडे 2016 च्याच दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणाला 40 टक्के पुरतात! बॉम्ब ठेवणारे निघाले होते सरकारला धडा शिकवायला, गुडघा गेला याचा. मग याच्या पोटापाण्याची जबाबदारी सहा टक्क्यांसाठी कशी काय झटकता येते?

दुसरी वाट राज्याच्या पीडित नुकसानभरपाई योजनेची, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 396 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 357 अ) सांगतं की आरोपी सापडला नाही, खटलाच झाला नाही, तरी पीडिताला अर्ज करता येतो आणि चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. आम्हाला मात्र एका कार्यालयात "आधी निकाल लागू द्या" म्हणून अर्ज न घेताच परत पाठवलं. निकालाची वाट किती बघायची? 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांत उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 ला बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षं झाली होती तोवर. जखमींच्या जखमा त्यामुळे खोट्या ठरतात का?

तर जाणकारांनी कृपया सांगावं. अपंगत्वाच्या टक्केवारीवर अपील करून फेरतपासणी कुणी करून घेतली आहे का? अर्ज घेतच नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवलेला चालतो का, की थेट प्राधिकरणाच्या सचिवांना भेटावं? आणि एक अडचण : पंचनाम्यात त्याचं आडनाव चुकलंय, डिस्चार्ज कार्डावर बरोबर आहे. प्रतिज्ञापत्रावर भागेल की पोलीस ठाण्याचं पत्र लागेलच?

अशी प्रकरणं चालवलेले वकील इथे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी देऊ, फुकट नको.