वीरगळांचे फोटो : मिडियम फॉरमॅटच्या फाइली कशा लावायच्या आणि आधी कोणतं सामान घ्यायचं?

आरमोरीकर

नमस्कार मंडळी. आमच्या भागात वैनगंगेच्या काठानं गावोगावी जुने दगड पडून आहेत. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड), सतीशिळा, फुटक्या मूर्ती. कुठं पाराला टेकवलेले, कुठं धुऱ्यावर अर्धे गाडलेले. मार्कंड्याचं देऊळ तरी पुरातत्त्व खात्याकडं आहे, या सुट्या दगडांना कोणी वाली नाही. एका गावात रस्त्याचं काम निघालं आणि चांगली सतीशिळा मुरुमाखाली गेली. तेव्हापासून मी आणि माझा भाचा मिळून, निघंल तेवढा वेळ काढून, हे दगड फोटोत उतरवून राहिलो.

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. या कामासाठी फुजीफिल्मचा जीएफएक्स ५० एस २ हा मिडियम फॉरमॅटचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा नागपुरात जुना भेटला, सोबत ३५-७० लेन्स. फोटो पाहून जीव हरखतो. पण एकेक रॉ फाइल (कॅमेऱ्यानं काहीही न बदलता साठवलेला कच्चा फोटो) ११० एमबीच्या वर जाते आणि फोल्डरं तारखेवारी आहेत. एका गावात पुन्हापुन्हा जाणं होते, त्यामुळे एकाच वीरगळाचे फोटो चार ठिकाणी पसरले. हे कसं लावावं?

दुसरं सामानाचं. पैसे मोजके आहेत. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक नक्षी टिपणारी), फ्लॅश, ट्रायपॉड, फिल्टर, यातलं आधी काय? शेंदूर-तेल लावलेले दगड इतके चमकतात की लाल रंगाचा नुसता पट्टा येतो, नक्षी दिसतच नाही. यावर कोणी काम केलं असंल तर सांगा जी.

साकोलीचा

दादा, साध्या गोष्टींत आधी पैसे घाला. एनपी-डब्ल्यू २३५ ची दुसरी बॅटरी घ्या. हा कॅमेरा यूएसबी-सीवरून चार्ज होतो, म्हणून पीडीवाली (जलद चार्ज करणारी) पॉवरबँक बॅगेत असली की खेड्यात लाईन गेली तरी अडत नाही. कार्डाचे खाचे दोन आहेत, दोन्हीत सारखंच जाईल असं बॅकअपवर लावा. रॉ 'लॉसलेस कम्प्रेस्ड' करा, फाइल जवळपास निम्म्यावर येते आणि फोटोतलं काही जात नाही.

उन्हाळ्यात जपा. फुजीनं या कॅमेऱ्याला ४० अंशांपर्यंतच सांगितलं आहे, आपल्याकडं मे महिन्यात पारा त्याच्या किती पुढं जातो ते तुम्हाला माहीतच आहे. गाडीच्या डिक्कीत ठेवूच नका. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

रिद्धपूरवाट

आरमोरीकर भाऊ, फार मोलाचं काम हाती घेतलं तुम्ही. मी इकडं महानुभावांच्या पोथ्यांची पानं आणि देवळांतले दगड, दोन्हींचे फोटो काढतो. कॅमेरा तुमच्याच जातकुळीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फाइली. सामान पुढच्या वर्षीही घेता येईल, पण कोणता फोटो कोणत्या दगडाचा हे डोक्यातून गेलं की कोणतंच सॉफ्टवेअर ते परत आणून देत नाही. तुमची मोजणी दगडाची आहे, फेरीची नाही. म्हणून फोल्डर गावाचं, त्याच्या आत दगडाचं. दगडाला एकदा क्रमांक दिला की तो कायमचा, उद्या गावकऱ्यांनी दगड पारावरून शाळेच्या आवारात हलवला तरी. नुसत्या गावाच्या नावावर राहू नका. वडगाव आणि पिंपळगाव आपल्याकडं तालुक्यातालुक्यात आहेत. २०११ च्या जनगणनेनं प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला आहे, तोच वापरा. फाइलचं नाव मग असं : गावाचा क्रमांक, दगडाचा क्रमांक, तारीख, आणि शेवटी कॅमेऱ्यानं दिलेले चार आकडे. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर परत ०००१ वर येतात, एकट्या त्यांच्या भरवशावर काही ठेवू नका.

नावात फक्त रोमन अक्षरं आणि आकडे, मधे रिकामी जागा नको. मराठीत लिहायचं ते फाइलच्या माहितीत, म्हणजे आयपीटीसी नावाच्या, फोटोसोबत साठणाऱ्या रकान्यांपैकी वर्णनात आणि कीवर्डमध्ये. तिथं देवनागरी नीट टिकते. कीवर्डची एक यादी करून भिंतीला चिकटवा आणि तीच वापरा. कुठं 'वीरगळ' आणि कुठं 'विरगळ' लिहिलं की शोधताना अर्धेच सापडतात.

जागेवर एक शिस्त पाळा. प्रत्येक दगडाचा पहिला फोटो पाटीचा. शाळेची काळी पाटी, खडूनं गाव आणि क्रमांक. त्यानंतर जे येईल ते त्या दगडाचं, पुढची पाटी येईपर्यंत. मग एक फोटो सेंटिमीटरची पट्टी आणि रंगांचं कार्ड शेजारी ठेवून, बाकीचे त्याशिवाय. नावं बदलणं त्याच रात्री उरका.

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम असो की डार्कटेबल, तुमचे बदल मूळ रॉमध्ये जात नाहीत, शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत जातात. लाइटरूममध्ये ती सोय चालू करावी लागते. ही पिल्लूफाइल रॉसोबतच हलली पाहिजे. आणि प्रत्येक फोटोची टिफ (छपाईसाठीची मोठी फाइल) करत बसू नका, या कॅमेऱ्याची १६ बिट टिफ ३०० एमबीच्या आसपास जाते. छापायला देणार तेवढ्याचीच करा. सगळ्याच्या तीन प्रती असू द्या. दोन वेगवेगळ्या डिस्कवर घरी, तिसरी दुसऱ्या गावात नातेवाइकाकडं.

आता सामान. मॅक्रो आत्ता नको. मीटरभर उंचीचा वीरगळ उभ्या फ्रेममध्ये घेतला तर लांब बाजूचे ८२५६ पिक्सेल त्यावर पडतात, म्हणजे दर मिलिमीटरला आठ. छिन्नीचा घाव ओळखू यायला एवढं पुरते. तुमची लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. पोथ्यांकडं वळलात तर १२० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचं बोलू.

पहिला खर्च ट्रायपॉडवर करा. उंच नको, पाय पसरून जमिनीला टेकेल असा, मधली दांडी काढता येणारा. वीरगळातली लढाई सगळ्यात खालच्या चौकटीत असते आणि दगड गाडलेला असला की ती आपल्या पोटरीच्या उंचीवर येते. सोबत एल आकाराची प्लेट घ्या, म्हणजे कॅमेरा उभा केला तरी भार मध्यावर राहतो. भिंगाचं छिद्र एफ ८ ते ११, दोन सेकंदांचा टायमर.

दुसरा खर्च ६२ मिलिमीटरचा पोलरायझर, म्हणजे चमक मारणारा फिरता फिल्टर. शेंदरावरच्या तेलाची चमक त्यानं बरीच मरते, फक्त फिरवत फिरवत डोळ्यानं पाहावं लागते. तो लाल पट्टा येतो कारण फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी (चॅनलपैकी) लाल आधी जळतो आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ते लपवतो. पडद्यावर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल आत येईपर्यंत एक्स्पोजर उतरवा. फोटो काळपट वाटला तरी घाबरू नका, १४ बिट रॉमधून सावल्या उचलता येतात. नंतर कृष्णधवल करताना हिरव्या चॅनलवर भर द्या. शेंदराखालची नक्षी तिथं सापडते.

फ्लॅश राहू द्या. या कॅमेऱ्याचा सिंक, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर, १/१२५ सेकंद, त्यामुळे भर उन्हाशी झगडायला बराच ताकदीचा फ्लॅश लागेल. त्यापेक्षा भिंतीवरचा दीड-दोन फुटी आरसा घ्या. दगडावर ताडपत्रीची सावली धरा, भाच्याला आरसा घेऊन बाजूला उन्हात उभा करा, आणि कवडसा दगडाच्या अंगाला घासत जाईल असा टाकायला सांगा. घोड्याचा लगाम, ढालीची कड, मधल्या चौकटीतल्या अप्सरांचे हात, वर शिवलिंगापुढं बसलेला वीर, सगळं उठून येतं. एक फोटो डावीकडून कवडसा टाकून, एक उजवीकडून, एक वरून. दुसरा लहान आरसा खिशात ठेवा. तो दगडाच्या मधोमध सपाट टेकवून कॅमेऱ्यातून पाहा, लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मध्यावर आलं की कॅमेरा दगडाला समांतर झाला.

एक विनंती. नक्षी दिसावी म्हणून शेंदूर खरवडू नका, पाणी टाकू नका, रेषांवर खडू फिरवू नका. तो त्या लोकांचा देव आहे. पुजाऱ्याला किंवा पाटलाला विचारूनच कॅमेरा काढा. मार्कंड्याला ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

आरमोरीकर

रिद्धपूरवाट दादा, साकोलीचे भाऊ, मनापासून आभार. आरसा तर घरातच आहे. एक राहिलं. आधीच्या तारखेवारी फोल्डरांतले फोटो पाटीशिवायचे आहेत, आणि त्यातल्या काहींवर लाइटरूममध्ये काम झालेलं आहे. आता त्यांचं कसं करू?

रिद्धपूरवाट

काम झालेल्या फाइली विंडोजमधून हलवू नका, लाइटरूमच्या आतूनच फोल्डर बदला आणि नाव बदला, म्हणजे कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) तुटत नाही. त्याआधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. कोणता दगड हे ओळखायला भाच्याला सोबत बसवा, त्याची नजर वेगळी आणि आठवण ताजी असंल. ज्यांवर दोघांचं एकमत होत नाही ते 'ओळख बाकी' अशा कीवर्डखाली ठेवा, अंदाजानं क्रमांक देऊ नका. पुढच्या वेळी त्या गावात जाल तेव्हा ते फोटो मोबाइलवर घेऊन जा आणि दगडापुढं धरून ताडून पाहा. सतीशिळेवरच्या हाताच्या बांगड्या आणि काठाची तूट, या दोन खुणांवरून बहुतेक दगड लगेच पटतात.

साकोलीचा

आणि त्या वेळी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोच मोबाइल दाखवा. दगड आधी कुठं होता हे त्यांनाच ठाऊक असते, ते वर्णनात लिहून ठेवा.