पोरगं सोळाचं, ठेकेदार म्हणतो ‘अप्रेंटिस म्हणून लावतो’. मूळ दाखला देऊ का?

पिको_फॉल_बावडा

नमस्कार. मी कोल्हापुरात कसबा बावड्यात शिवणकाम करते. पिको-फॉल, ब्लाउज, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. मिस्टर टेम्पोवर असतात. धाकटा यंदा दहावी झाला, 58 टक्के. गणित काठावर, पण घरातलं बंद पडलेलं काहीही उघडून बसतो. माझ्या मशीनची मोटार गेल्या दिवाळीत ऐन गर्दीत जळाली, तर ह्यानंच दुसरी आणून बसवली आणि ती अजून चालू आहे. अकरावीचं नाव काढलं की ताटावरून उठतो. दीर म्हणतात कॉमर्सला घाला. घातला तरी बसणार कोण?

शेजारणीच्या ओळखीनं एक ठेकेदार घरी आला होता. शिरोलीत फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) अप्रेंटिस म्हणून लावतो, सरकारी योजना आहे, महिन्याला 9,000 हातात, वर्षानं परमनंट. आधारची झेरॉक्स मी देऊन बसले. आता शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतोय, कंपनीत जमा करायचा असतो म्हणे. ड्यूटी किती विचारलं तर बारा तास. कागद काय होणार विचारलं तर, “वहिनी, कागद नंतर होतात, आधी पोरगं रुळू दे.”

ही सरकारी अप्रेंटिसशिप म्हणजे नक्की काय असतं? पैसे सरकार देतं की कंपनी? आणि दाखला देऊ का? परवा परत येणार आहे तो.

गल्लीतला_शहाणा

वहिनी, एवढा विचार कशाला? लाडका भाऊ योजनेत घाला की. सरकार थेट खात्यात टाकतंय.

निवृत्त_निदेशक

वरचा सल्ला बाजूला ठेवा. त्या योजनेचं खरं नाव मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. 2024 मध्ये आली. वय 18 ते 35, बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीला 10,000. तुमचा मुलगा सोळाचा आणि दहावी पास, म्हणजे वयानंही बसत नाही आणि शिक्षणानंही. शिवाय ती शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, नव्हेच.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. त्यात किमान वय 14 आहे, म्हणून ठेकेदार लोक बिनधास्त बोलतात. पण धोक्याच्या उद्योगांसाठी 18 पूर्ण लागतात आणि कायद्यातल्या धोक्याच्या कामांच्या यादीत फौंड्रीचं नाव स्पष्ट आहे. म्हणजे तुमच्या मुलाला आज फौंड्रीत कुणीही, कुठल्याही नावानं कामाला लावत असेल तर ते बेकायदा. इथंच विषय संपला खरं तर.

तरी पैशाचं सांगतो, कारण ‘सरकार देतं’ हे अर्धंच खरं आहे. विद्यावेतन मुळात कंपनी देते. 2019 च्या नियमांत किमान आकडे ठरले : दहावी पास 6,000, आयटीआय झालेला 7,000. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार त्यातला पाव हिस्सा उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त 1,500, आणि तो मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात येतो. ठेकेदाराच्या हातातून काहीच यायचं नसतं. त्याआधी सरकारी पोर्टलवर करार नोंदवावा लागतो, त्याला नंबर असतो, मूल सज्ञान नसेल तर पालकाची सही लागते. तुम्ही सही केलीत का? नाही. मग तो अप्रेंटिस नाही, स्वस्तातला हेल्पर आहे. बारा तासांचंही तेच. शिकाऊ उमेदवाराला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही.

‘वर्षानं परमनंट’ तर कायद्यात कुठंच नाही. चांगलं पोरगं असेल तर ठेवून घेतात, पण तशी सक्ती नाही.

मूळ दाखला कुणाच्याही हातात देऊ नका. आयटीआयला प्रवेश घेताना तोच लागेल.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

ताई, निदेशक साहेबांनी कायदा सांगितला, मी माझं सांगतो. मी चौदाव्या वर्षी शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉपला लागलो, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथं. वडील गेलेले, आईनं मेस्त्रींच्या पुढं उभं केलं, झालं. करार न्हाई, कागद न्हाई. पहिलं वर्ष भुसा लोटणं, सरस तापवणं आणि चहा आणणं.

दुसऱ्या वर्षी मला पंपाच्या बैठकीचा पॅटर्न करायला दिला. लांबी 300 मिलिमीटर. मी सागवान घेतलं, दोनदा मोजलं, पॉलिश पेपर मारून असा गुळगुळीत केला की गालाला लावावा. मोल्डिंगला गेला, ओतला, जॉब, म्हणजे ओतलेला भाग, थंड झाल्यावर मोजला तर 297. मला वाटलं मोल्डरनं घोळ केला. मेस्त्री काय बोललेच न्हाईत. खिशातली आपली पट्टी काढली, माझी पट्टी तिच्याशेजारी धरली आणि म्हणाले, बघ. दोन्हीवर शंभरचा आकडा, पण त्यांच्या पट्टीचा शंभर माझ्यापेक्षा एक मिलिमीटर पुढं. बिडाचं लोखंड गोठल्यावर थंड होताना शेकड्याला एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच तेवढी मोठी असते. 300 ला 3. दीड वर्ष त्या शॉपमध्ये होतो पण ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती, कारण मला शिकवायचं असं कुणाच्या कामात लिहिलेलंच नव्हतं.

लोक म्हणतात जुन्या काळी कसं हातानं शिकायचे. शिकलो की, न्हाई कोण म्हणतंय. पण पंचेचाळिसाव्या वर्षी आमचं शॉप बंद झालं आणि दुसऱ्या कारखान्यात गेलो, तर टेबलामागच्या पोरानं विचारलं, सर्टिफिकेट? माझ्या हाताखाली तयार झालेली दोन पोरं तिथं वरच्या ग्रेडला होती आणि मला हेल्परमध्ये घेतलं. तीस वर्षांचा हात, पण दाखवायला कागद न्हाई. आयटीआय करून वर्षभर अप्रेंटिस केलेल्या पोराला परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, ते कुठंबी चालतं.

फौंड्री वाईट न्हाई हो. आपलं कोल्हापूर तिच्यावर उभं हाय. पण भट्टीजवळ 1,400 अंशाला वितळलेलं बीड लेडलमधनं (ओतायच्या भांड्यातनं) साच्यात ओतताना वाळूत जरा जास्त ओल असली तर ते उसळतं. तिथं सोळाचं पोरगं नको. दोन वर्षं थांबा.

मशिनिस्ट_कागल

ताई, मी 22 वर्षांची, आयटीआय मशिनिस्ट. एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस केली, आता दुसरीकडं ऑपरेटर आहे.

तुमच्या मुलाला आधीच सांगून ठेवा, आयटीआयमध्ये पहिले काही महिने मशीनला हात लागत नाही. बेंचवर फायलिंग. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन) लावून उजेडाकडं बघायचं, कडेखालून उजेड दिसला की परत घासायचं. आमच्या बॅचची चार मुलं दिवाळीच्या आत सोडून गेली. मी पण रडले होते, तळहाताला फोड आले होते. पण आज जॉब हातात घेतला की कुठं बर (कडेचा धारदार कंगोरा) राहिलीय ते बोटाला कळतं, ते तिथलंच.

अप्रेंटिसचं वर्ष बरंवाईट दोन्ही होतं. करार नोंदलेला, पैसे वेळेवर, पीएफ कापत नाहीत (तो लागूच नसतो, घाबरू नका). पण सुरुवातीला मला फक्त जॉब पुसून ट्रेमध्ये लावायला ठेवलं होतं. मी करारावरचा ट्रेड सुपरवायझरला दाखवला आणि विचारलं, सर, मशिनिस्ट लिहिलंय, मशीन कधी? पुढच्या आठवड्यात मिलिंगवर घेतलं. नुसतं भांडून नसतं मिळालं, कागद होता म्हणून मिळालं.

आणि दिरांना सांगा की शिक्षण थांबत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. माझा भाऊ तसाच गेलाय.

गल्लीतला_शहाणा

बरं, माझं चुकलं. आयटीआयचा फॉर्म कुठं मिळतो ते तरी सांगा वहिनींना.

निवृत्त_निदेशक

फॉर्म ऑनलाइन भरायचा, दहावीच्या गुणांवर यादी लागते. शासकीय आयटीआय कळंब्याच्या रस्त्याला आहे, अडलं तर तिथं जाऊन विचारा. एकच काळजी घ्या : पहिल्या पसंतीचं मिळालं तर त्याच फेरीत प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून शेजारच्या पोरानं भरलं म्हणून पहिला विकल्प भरू नका. 58 ला इलेक्ट्रिशियन अवघड आहे, फिटर-मशिनिस्टला प्रयत्न करा, खाली एक वर्षाचा वेल्डर ठेवा.

पिको_फॉल_बावडा

सगळ्यांचे आभार. ठेकेदार आज येऊन गेला. मी दारातच विचारलं, कराराचा नंबर किती आणि पालकाची सही कुठं करायची. म्हणाला, “तुम्हाला कुणी शिकवलं हे?” चहा न घेताच गेला. झेरॉक्स परत मागितली तर गाडीत आहे म्हणाला. ती काय मिळायची नाही आता.

फॉर्म भरला. पहिला फिटर, मग मशिनिस्ट, मग वेल्डर. दिरांना डिप्लोमाचं सांगितल्यावर ते गप्प झाले, एवढंच पुरे.

पॅटर्नवाल्या काका, तुमच्या पट्टीची गोष्ट पोराला वाचून दाखवली. तो माझी टेप घेऊन कटिंगच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आई, कोऱ्या सुती कापडाला तू अर्धा इंच जास्त धरतेस, तेच की हे.