मदत हवी आहे: सेकंडहँड डस्टर, टायमिंग बेल्ट आत्ताच बदलावा का?

2014 ची रेनॉ डस्टर गाडी, 1.5 डिझेल, रीडिंग 92,000 किमी. शेवटच्या 40,000 किमीची सर्व्हिसची नोंदच नाही. इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर बदलणारच, त्यात विचारण्यासारखं काही नाही.

खरी धास्ती टायमिंग बेल्टची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याची. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडावं लागतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारी पुली) आणि पंपासकट पूर्ण किट टाकावं असं वाटतं. मेकॅनिक म्हणतो, "चिरा नाहीत, चालेल अजून." पण रबर वयानेही कडक होतं ना?

कूलंटच्या टाकीत तांबूस गाळ आहे, बोटाला चिकटतो. नुसतं फ्लश (आतून धुणं) पुरेल की रेडिएटर उतरवावा? पंप बदलायच्या आधी फ्लश करावं की नंतर?