मदत हवी आहे: रेसला जायचंय, कपडे काय घालायचे आणि पैसे कसे लावायचे?

चोपडेकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये मी आणि सौ. लेकीकडे जाणार आहोत. जावयांनी गुरुवारच्या रेसची चार तिकिटं काढून ठेवली आहेत. फोनवर म्हणाले, "मामा, तिथे सगळे सुटाबुटात येतात, उंच हॅट घालतात, तुम्ही एक चांगला सूट शिवूनच आणा." लग्नात सफारी घातली होती, त्यानंतर अंगाला असलं काही लागलेलं नाही. टेलर म्हणतो सोमवारपर्यंत कापड द्या, लग्नसराई आहे, नंतर नंबर लागणार नाही. प्रश्न दोनच. धोतर, कोट आणि फेटा चालतो का? आणि पैसे लावायचे ते खिडकीवर की माणसाकडे? मला जुगारी व्हायचं नाही, पण एवढं जाऊन नुसतं बघून यायचं हेही बरं नाही. लवकर सांगा, लांबड नको.

जुना_पंटर:
जूनमध्ये कुठली रेस काढली राव? पुण्याचा सीझन जुलैत उघडतो, मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल. इंडियन डर्बी महालक्ष्मीला फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, ती केव्हाच झाली. लेक बंगळुरूला आहे का? तिथे उन्हाळी सीझन असतो. सूट वगैरे काही लागत नाही, शर्ट-पँट आणि बूट घाला. पैसे टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्या खिडकीवर लावा, बुकीच्या, म्हणजे स्वतःच्या भावाने पैसे घेणाऱ्या माणसाच्या नादी लागू नका.

शहाद्याचा_घोडेवाला:
घोडे बघायचेत तर एवढ्या लांब कशाला? दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. तापीच्या काठावर देशभरातून घोडे येतात, मारवाडी, काठियावाडी, पंजाबी. तिकीट नाही, सूट नाही. एकमुखी दत्ताचं दर्शनही होतं. आमची राहुटी लागते, चहाला नक्की या.

चोपडेकर:
सारंगखेडा आम्हाला माहीत आहे हो, लहानपणापासून जातो. दत्तजयंती डिसेंबरात, मी जूनचं विचारून राहिलो. लेक इंग्लंडला आहे, रेडिंगला. राजा बग्गीतून येतो ती रेस. एवढं तर कळायला पाहिजे.

स्लाऊची_अमळनेरकर:
काका, "राजा येतो ती रेस" आत्ता सांगितलंत. म्हणजे रॉयल ॲस्कॉट. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवार ते शनिवार असते. गुरुवार म्हणजे लेडीज डे, त्याच दिवशी गोल्ड कप ही मोठी रेस. तुमच्या कपड्यांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: तिकिटावर एन्क्लोजर, म्हणजे प्रेक्षकांचा विभाग, कुठलं लिहिलंय? रॉयल, क्वीन ॲन, व्हिलेज की विंडसर? चारही ठिकाणचे नियम वेगळे आहेत. ते सांगा, मग टेलरकडे जा.

चोपडेकर:
साधं तिकीट आहे.

स्लाऊची_अमळनेरकर:
काका, "साधं" असं तिकिटावर लिहिलेलं नसतं. जावयांना विचारा ना.

हौशी_धुळेकर:
मी यूट्यूबवर पाहिलंय, तिथे टॉप हॅट सक्तीची आहे. काळा, करडा किंवा नेव्ही मॉर्निंग सूट, आत वेस्टकोट, काळे बूट. नाहीतर गेटवरून परत पाठवतात. भाड्याने मिळतो, इथे शिवू नका. चोपड्याच्या टेलरला मॉर्निंग कोटची मागची शेपटी जमायची नाही.

स्लाऊची_अमळनेरकर:
ते फक्त रॉयल एन्क्लोजरला. तिथे नुसते पैसे देऊन जाताच येत नाही, आधीचे सदस्य शिफारस करतात तेव्हा नाव लागतं. जावयांनी साधं तिकीट काढलंय म्हणजे ते नक्कीच नाही. क्वीन ॲन असेल तर पूर्ण सूट आणि टाय, कोट-पँट एकाच कापडाची, आणि मोजे घोट्याच्या वर. मोज्यांचाही नियम आहे, हसू नका, खरंच बघतात. बायकांना डोक्यावर हॅट किंवा फॅसिनेटर (केसांत खोचायचा शोभेचा तुरा) पाहिजे.

आणि धोतराचं सांगायचं तर, रॉयल एन्क्लोजरच्याच नियमांत लिहिलंय की परदेशी पाहुण्यांनी आपल्या देशाचा औपचारिक पोशाख घातला तरी चालतो. तिथे चालतं तर बाकीच्या ठिकाणी कोण अडवणार? 2022 मध्ये लेडीज डेला शेकडो भारतीय बायका साड्या नेसून गेल्या होत्या, हातमागाच्या विणकरांसाठी म्हणून. पेपरात फोटो आले होते. काकूंना पैठणी न्यायला सांगा, पण खाली सपाट चप्पल. हिरवळीत टाच रुतते आणि काठ ओला होतो. शाल हवीच. जून असला तरी आपल्याकडच्या दिवाळीतल्या पहाटेसारखी हवा असू शकते.

चोपडेकर:
हे कामाचं बोललात ताई. सौ. हॅटचं नाव काढलं की खोलीतून निघून जाते. आता दुसऱ्या प्रश्नाचं सांगा कोणीतरी.

निर्व्यसनी:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच, लावू नका. मटक्यापायी आमच्या भागात वावरं विकली गेली आहेत. राजा बघतो म्हणून जुगाराचा यज्ञ होत नाही. काकांचं वय बघता त्यांनी तिथल्या बागा बघाव्या.

जुना_पंटर:
निर्व्यसनी भाऊ, मटका आणि रेस एका पंगतीत बसवू नका. घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने 1996 साली सांगितलंय. अभ्यास लागतो. वजन, अंतर, जमीन, जॉकी, मागच्या रेसा.

निर्व्यसनी:
कोर्टाने कौशल्याचा म्हटलं, फायद्याचा नाही म्हटलं.

जुना_पंटर:
बरं. चोपडेकर, इकडे लक्ष द्या. तिकडे टोट पण आहे आणि बुकीही आहेत, रेलिंगच्या कडेने रांगेत भावाचे फलक लावून उभे. आपल्याकडे जसा टोटचा पैसा एका हंड्यात जमतो आणि रेस संपल्यावर जिंकणाऱ्यांत वाटला जातो, तसंच. भाव शेवटपर्यंत हलतो. बुकीकडे उलट, तुम्ही लावला त्या क्षणाचा भाव पक्का. फळ्यावर 5/1 दिसलं म्हणजे एक पौंड लावला तर पाच जिंकले आणि आपला एक परत. पावती जपून ठेवा. ती हरवली की घोडा जिंकूनही हात चोळत बसायचं.

पण भाव वाचण्याआधी पॅडॉकला जा. तिथे रेसआधी घोडा फिरवतात तेव्हा मागचं पाऊल पुढच्या पायाच्या ठशापुढे पडतंय का बघा. कान सैल, मान खाली, चाल लांब, असा घोडा मला आवडतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला पांढरा फेस आलाय आणि लगाम धरणारा पोरगा फरफटतोय, म्हणजे त्याने अर्धी रेस तिथेच पळून टाकली. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत जास्त पैसे लागलेला असला तरी सोडा.

शहाद्याचा_घोडेवाला:
फेस वगैरे ठीक आहे. आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघा. गळ्याखाली देवमण हा शुभ भोवरा असला तर डोळे झाकून लावा. पंचकल्याणी असेल तर सोन्याहून पिवळं. चार पाय पांढरे, तोंडावर पट्टा.

जुना_पंटर:
ती काय वरातीची घोडी आहे का, देवमण बघायला? ते थरोब्रेड आहेत, रेसच्या जातीचे. जगातल्या सगळ्या थरोब्रेडची बापाकडची वंशावळ तीन घोड्यांपाशी जाऊन थांबते: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. तिथे कागद बघतात, भोवरे नाही.

शहाद्याचा_घोडेवाला:
तीनही पूर्वेकडचेच ना? अरबी, तुर्की. मग भोवरे आमच्याकडूनच शिकले असतील.

केळीवाला_रावेर:
काय भो, तुम्ही दोघं भांडत बसा, काका राहिले बाजूला. काका, "ईच-वे" लावा. नवीन माणसाला तेच बरं. पाच पौंड ईच-वे म्हणजे दहा पौंड द्यायचे, पाच जिंकण्यावर, पाच जागेवर. समजा सोळा किंवा जास्त घोड्यांची हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात ती रेस) आहे आणि भाव 16/1. साधारणपणे पहिल्या चार नंबरांना पाव भाव मिळतो. घोडा चौथा आला तर 25 पौंड हातात. पहिला आला तर 110. आठ किंवा जास्त घोडे असलेल्या साध्या रेसला पहिले तीन नंबर, पाचवा हिस्सा. पाच ते सात घोडे असले तर दोनच नंबर. चार किंवा कमी असले तर ईच-वे विसरा.

गुरुवारच्या ब्रिटानिया नावाच्या रेसला घोड्यांची गर्दी असते. सरळ एक मैल, वळण नाही. तिथे कुठल्या नंबरच्या खोक्यातून घोडा सुटतो आणि मैदानाच्या कुठल्या कडेने पळतो यावर खूप ठरतं. गोल्ड कप अडीच मैलांचा, चार किलोमीटरला पडतो. तिथे दमाचा घोडा पाहिजे. येट्स नावाच्या घोड्याने तो 2006 ते 2009 चार वर्षं लागोपाठ मारला होता.

चोपडेकर:
रावेरकर, हे आत्ता समजलं. एक विचारतो, इथून बँकेचं कार्ड घेऊन गेलो तर बुकी घेतो का? की रोख लागते?

कर_सल्ला_भुसावळ:
पैशाचं नीट ऐका. तिथे बरेच बुकी कार्ड घेतात, प्रश्न तो नाही. प्रश्न आपल्या बाजूचा आहे. फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक वगैरेंसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे, रेसमधून झालेली कमाई बाहेर पाठवायलाही. तेव्हा इथल्या कार्डाने इंग्लंडच्या बेटिंग ॲपवर खातं उघडणं वगैरे डोक्यातून काढून टाका. तिथले जावई तिथल्या पैशाने लावतील, तुम्ही घोडा दाखवा.

दुसरं, तिथे जिंकणाऱ्याला कर नाही, लावणाऱ्याकडून घेत तोही 2001 साली काढला. पण तुम्ही भारतात राहणारे, तुमचं जगभरातलं उत्पन्न इथे धरतात. रेसच्या जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के, वर सेस, आणि हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. तुमच्या चार-दोन पौंडांसाठी कोणी दारात येणार नाही, पण लिहून ठेवतो.

जुना_पंटर:
कराचं काढलंच आहे तर, आपल्याकडे रेसवर लावलेल्या पैशावर जीएसटी आधी 28 टक्के होता, आता 40. पुण्याचा रविवारचा रेसकोर्स बघा जाऊन, जिथे खांद्याला खांदा लागायचा तिथे कबुतरं चालतात. पैसे लावणारा पंटर सगळा चोरट्या बुकीकडे गेला. सरकारला ना कर मिळाला ना

निर्व्यसनी:
वाक्य पूर्ण करा. "ना पंटर सुधारला."

स्लाऊची_अमळनेरकर:
धागा परत काकांकडे आणते. काका, एन्क्लोजर?

चोपडेकर:
जावयांनी तिकिटाचा फोटो पाठवला. विंडसर एन्क्लोजर लिहिलंय. मी पहिल्यापासून साधं तिकीट म्हणून राहिलो.

स्लाऊची_अमळनेरकर:
विंडसर! मग एवढी चर्चा कशाला? तिथे कपड्यांची सक्तीच नाही. नीटनेटके या एवढंच सांगतात, खेळाडूंचे टी-शर्ट नकोत. धोतर, कोट, फेटा बिनधास्त. काकूंना हॅटही नको. आणि राजाची मिरवणूक दोन वाजता सरळ मैलावरून येते, ती सगळ्यांत आधी विंडसरवाल्यांसमोरून जाते. रेलिंगपाशी जागा धरा. पहिली रेस अडीचला.

जुना_पंटरांचा एक मुद्दा मात्र बाद. विंडसरच्या तिकिटावर पॅडॉकला जाता येत नाही. घोडे मोठ्या पडद्यावर बघायचे.

जुना_पंटर:
पॅडॉक नाही तर रेस कसली? जावयांना तिकीट बदलायला सांगा.

केळीवाला_रावेर:
मोठ्या पडद्यावर मांड्यांचा फेस दिसतो का ते काका येऊन सांगतील.

स्लाऊची_अमळनेरकर:
विंडसरची आणखी एक गंमत, खायचं घरून नेता येतं. बाकी लोक सँडविच आणि शॅम्पेन घेऊन येतात. माणशी एक बाटली चालते.

चोपडेकर:
बाटलीचं राहू द्या. दशम्या, तिळाची चटणी आणि शेव नेली तर चालेल का? सौ. इथूनच बांधून घेते म्हणते.

हौशी_धुळेकर:
दशम्या दुधात भिजवतात. तिकडे दुधाचं, मांसाचं काही नेऊ देत नाहीत. विमानतळावर काढून फेकतील.

कर_सल्ला_भुसावळ:
भाजलेल्या पिठाच्या पदार्थाला दूध कोण म्हणतं? ब्रेड-बिस्किटं चालतात तशा दशम्याही चालतील.

केळीवाला_रावेर:
लेकीच्या घरी पीठ नाही का, तवा नाही का? बुधवारी रात्री तिथे करा. शेव तेवढी इथून न्या, भुसावळची नको, जळगावची.

कर_सल्ला_भुसावळ:
भुसावळच्या शेवेला नाव ठेवायचं काम नाही.

स्लाऊची_अमळनेरकर:
काका, जायचं कसं तेही लिहून ठेवते. रेडिंगहून वॉटर्लूची गाडी पकडा, ॲस्कॉटला थेट उतरता. स्टेशनवरून चालतच जायचं, थोडा चढ आहे. येताना गर्दीत घुसू नका. शेवटच्या रेसनंतर बँडस्टँडपाशी लोक उभे राहून गाणी म्हणतात, ती संपेपर्यंत थांबा, मग गाडी निवांत मिळते.

चोपडेकर:
धन्यवाद ताई. टेलरला सूट नको म्हणून सांगितलं, बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला. आता शेवटचं. फेटा मला बांधता येत नाही. लग्नात बांधणारा येतो. तिथे रेडिंगला किंवा आसपास कोणी बांधून देणारं आहे का? लवकर सांगा, विमानाचं तिकीट दोन तारखेचं आहे.

शहाद्याचा_घोडेवाला:
तयार बांधलेला मिळतो ना बाजारात. पेटीत नका ठेवू, चेपतो. डोक्यावर घालूनच विमानात बसा.

हौशी_धुळेकर:
दोन तारीख जूनची की मेची?

केळीवाला_रावेर:
काका, अवांतर आहे पण विचारतो. जावई कुठल्या कंपनीत आहेत? पुतण्या तिकडच्या व्हिसासाठी कधीपासून धडपडून राहिला.