मदत हवी आहे: बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, पाय कधी हलणार?

खानापूरचा_पोरगा: बाबा छपरावरून पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं, रॉड घातलेत. डॉक्टर म्हणतात वाट बघा. किती बघायची? घरी येणारा चांगला फिजिओ कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. लिंका नकोत, इंग्रजी वाचून डोकं उठलंय.

टिळकवाडीकर: कधी पडले? कुठला मणका?

खानापूरचा_पोरगा: पावसाच्या आधी, कौलं परतताना. आणि कधी पडणार? मणका कंबरेचा.

निपाणी_एक्सप्रेस: माझ्या मेव्हण्याची कंबर धरलेली. चंदगडकडच्या वैद्याचं तेल लावलं, पंधरा दिवसांत उठला बघा.

टिळकवाडीकर: कंबर धरणं वेगळं, मज्जारज्जूला मार लागणं वेगळं. रॉड घातलेल्या पाठीवर मालिश करून घेऊ नका. पाय बधिर असतील तर गरम तेलानं भाजलेलंही कळत नाही.

निपाणी_एक्सप्रेस: तुम्ही डॉक्टर काय?

टिळकवाडीकर: नाही. अकरा वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. पोरा, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय?

खानापूरचा_पोरगा: एल-१. पुढे 'एशिया बी'. मला वाटलं वॉर्डचं नाव.

टिळकवाडीकर: एल-१ म्हणजे कंबरेचा पहिला मणका. एशिया म्हणजे वॉर्ड नव्हे रे, इजेची प्रतवारी, ए ते ई. ए म्हणजे गुदद्वारापाशीसुद्धा स्पर्श कळत नाही, हालचालही नाही. बी म्हणजे हालचाल नाही, पण स्पर्श तिथवर पोचतोय. मज्जारज्जू पूर्ण निकामी नाही. बी-मधल्या काहींना पुढे हालचाल येते, तारीख मात्र कुणी देणार नाही. लघवीचं काय? पाठ बघितलीस?

खानापूरचा_पोरगा: नळी आहे. पाठ कशाला बघायची?

टिळकवाडीकर: माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटानं दाब. पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर जखम सुरू झाली समज. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आणि नळी कायम ठेवायची की दर ४ ते ६ तासांनी घालून काढायची, हे डॉक्टरांना विचार.

सीमावासी: महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलं. तुमचं गाव यादीत आहे काय बघा.

कंग्राळीची_माई: बाळा, उचगावला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था आहे, नसीमादीदी हुरजूक यांनी सुरू केलेली. दीदी स्वतः चाकाच्या खुर्चीत. तिथं विचार. आपल्यासारखी माणसं बघितली की बाबांना धीर येईल.

सीमावासी: उचगावात? बेळगावजवळच्या, मळेकरणी देवीच्या? आमचं आजोळ तिथलं, अशी संस्था कधी बघितली नाही.

कंग्राळीची_माई: कोल्हापूरचं उचगाव हो!

निपाणी_एक्सप्रेस: मळेकरणीला जाऊन किती वर्षं झाली. ते मटण...

खानापूरचा_पोरगा: काका, दाबून बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढा डाग आहे. पांढरा होत नाही.

टिळकवाडीकर: आत्ताच कुशीवर वळव. पाठीवर झोपवू नकोस, डाग चोळू नकोस. सकाळी डॉक्टरांना दाखव.

खानापूरचा_पोरगा: वळवलं. आई आणि मी, दोघं लागलो. दोनचा गजर लावलाय. फिजिओचं मात्र अजून कुणीच सांगितलं नाही.