स्वतःच्या संकेतस्थळावरून पैठणी विक्री : महागडे सुरक्षा प्रमाणपत्र घेतल्याने ग्राहकाचा विश्वास वाढेल का?

पैठणीघर_येवला
नमस्कार. येवल्यात आमचे हातमाग असून आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून पैठण्या विकतो. ग्राहक साडी निवडतात, पण पैसे भरण्याच्या पानावरून परत फिरतात आणि मग फोन करून विचारतात, "ही साइट खरी आहे ना?" होस्टिंगसोबत (म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेसोबत) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे ग्राहक आणि साइट यांच्यातली माहिती कूटबद्ध करणारे प्रमाणपत्र, मिळालेले आहे. एका विक्रेत्याचे म्हणणे असे, की ईव्ही प्रमाणपत्र (संस्थेची कागदपत्रे तपासून दिले जाणारे महागडे एसएसएल प्रमाणपत्र) घेतल्यास ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत आमच्या संस्थेचे नाव हिरव्या अक्षरांत दिसेल आणि पानावर लावायला सुरक्षेचे चिन्हही मिळेल. खर्च बराच आहे. तो करावा का?

सर्व्हर_सेवक
करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टीत संस्थेचे नाव दाखवण्याची पद्धत क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०१९ मध्येच बंद केली. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेतील एका संशोधकाने केंटकी राज्यात 'स्ट्राइप' याच नावाची कंपनी रीतसर नोंदवून तिच्यासाठी ईव्ही प्रमाणपत्र मिळवले होते, आणि त्यामुळे पट्टीत त्या प्रसिद्ध पेमेंट कंपनीचेच नाव झळकत होते. शिवाय माहिती कूटबद्ध करण्याचे काम मोफत आणि महाग प्रमाणपत्रांत सारखेच होते. पट्टीत कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे दुकानदार प्रामाणिक, असा समज होऊ लागल्याने आणि फसवणुकीच्या साइटवरही तेच कुलूप दिसत असल्याने क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हदेखील बदलले.

लक्ष द्यायचे ते प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाकडे. मुदत संपली की ब्राउझर पानभर इशारा दाखवतो आणि तो पाहिलेला ग्राहक बहुधा परत येत नाही. लेट्स एन्क्रिप्टची मुदत ९० दिवसांची असते. सर्वच सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होणार असून मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येईल, म्हणून नूतनीकरण आपोआप होते आहे ना, याची होस्टिंगवाल्यांकडून खात्री करून घ्यावी.

जागरूक_ग्राहक
वरील उत्तर पटले, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की "साइट खरी आहे ना" असे विचारणाऱ्या ग्राहकाला तुम्ही कोण आहात, हे जाणून घ्यायचे असते. ते सांगण्याचे काम मोफत प्रमाणपत्र करत नाही, आणि ईव्हीमधील नावही आता ग्राहकाला सहज दिसत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क साइटवर ठळकपणे द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात, हेही बंधनकारक आहे. पैठणीच्या बाबतीत तर ग्राहकाची खरी भीती यंत्रमागावरची किंवा नकली रेशमाची साडी गळ्यात पडण्याची असते. तुमच्याकडे सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण), हातमाग चिन्ह किंवा पैठणीच्या भौगोलिक मानांकनाची (जीआय) अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल, तर त्यांचे तपशील प्रत्येक साडीच्या पानावर द्या. विकत मिळणाऱ्या सुरक्षा-चिन्हाचे चित्र कोणीही उतरवून आपल्या पानावर चिकटवू शकतो, त्याला मी तरी काडीची किंमत देत नाही.

पैठणीघर_येवला
दोघांचेही मनापासून आभार. सिल्क मार्क आहे, परंतु तो फक्त साडीच्या लेबलवर असतो. साइटवर त्याचा उल्लेख आजच करतो. कार्डाच्या माहितीबद्दल विचारणाऱ्यांना काय सांगावे?

सर्व्हर_सेवक
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरायचा पर्यायी संकेतांक, वापरले जाते. पैसे भरण्याच्या बटणाजवळ हे साध्या मराठीत लिहा आणि पेमेंट गेटवेचे (तुमच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे) नावही द्या. आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा. यूपीआयने पैसे भरताना ग्राहकाच्या फोनवर जे नाव येते, ते दुकानाचेच आहे का? तिथे एखाद्या अनोळखी व्यक्तीचे नाव दिसले, तर ग्राहक नेमका त्याच पायरीवर थबकतो, आणि तुमचे ग्राहक परत फिरतात तेही त्याच पानावरून.