मदत हवी आहे: पीएचडीचा शेवटचा चॅप्टर अडलाय, व्हायवात (तोंडी परीक्षेत) "तुमचं म्हणणं काय" याला काय सांगायचं?

बालाघाटची लेक

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातली, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते अन् समाजशास्त्रात पीएचडी करायलेय. रजिस्ट्रेशन 2021 चं. विषय आहे ऊसतोड कुटुंबातल्या बायांचं काम आणि उचलीचा (हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांचा) हिशेब. सहा चॅप्टर लिहून झालेत, सातवा म्हणजे निष्कर्षाचा, तिथं अडकलेय. प्रिसबमिशन (प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण) जवळ आलंय.

मागच्या आरएसीत (संशोधन सल्लागार समितीत) एक मॅडम म्हणाल्या, वर्णन फार चांगलंय, पण सगळं वाचून झाल्यावर तुमचं म्हणणं काय ते हाती लागत नाही. गाईड सरांना विचारलं तर सर म्हणाले निष्कर्षात आणा ते. तेव्हापासून रोज बसते, चार ओळी लिहिते, पुन्हा आधीच्या चॅप्टरचा सारांशच होऊन बसतो.

मटेरियल खूप आहे हो. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या तालुक्यांत बायांशी बोललेय, बहुतेक पट्टा पडल्यानंतर (हंगाम संपल्यावर) त्या गावी परत आल्यावर, कारण फडात त्यांना बोलायला वेळच नसतो. पहाटे उठून कोपीवरचा (तात्पुरत्या झोपडीतला) स्वयंपाक, लेकरांचं आवरणं, मग फडात नवरा तोडतो अन् ही पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून नेते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बैलगाडी सेंटरला असतील तर वाढं (उसाचे शेंडे, चारा म्हणून) विकून आठवड्याचा बाजार तिनंच भागवायचा. आता सगळ्यात जास्त ज्याच्यावर बाया बोलल्या ते म्हणजे उचल, हंगामाच्या आधी उचल नवऱ्याच्या हातात पडते, बोलणी मुकादम (मजूर जमवणारा कंत्राटदार) अन् नवरा यांच्यातच होतात, पण एक कोयता म्हणजे जोडपं असं धरतात म्हणून फेडायला दोघंही, अन् हंगाम संपल्यावर हिशेब होतो तिथंही ती नसते, मग पैसे अंगावर राहिले तर पुढच्या वर्षी परत तिलाच जावं लागतं, ती आजारी असो की बाळंतीण. हे मी पाच ठिकाणी पाच वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलंय पण ते "म्हणणं" आहे का, की नुसती माहिती, तेच कळंना.

अजून काही अडचणी आहेत, एकदाच लिहिते. प्रबंध चारशे पानांच्या वर गेलाय, काय कापायचं? प्रत्येक मुलाखत कापताना जीव वरखाली होतो, त्या बायांनी दिवसभराचं काम आटपून, कंदिलाशी बसून सांगितलंय. दुसरं, पहिले तीन चॅप्टर डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलेत, बाकीचे मी मोबाईल अन् लॅपटॉपवर युनिकोडमध्ये. सिमिलॅरिटी चेकला (मजकूर दुसरीकडचा आहे का ते तपासतात त्याला) चालतंय का असं? तिसरं, शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) गेल्यावर कुणीही वाचणार, मग नावं बदलली तरी गावातला मुकादम ओळखणार नाही का? 2019 ला बीडच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांच्या बातम्या देशभर गेल्या, त्यानंतर वही घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला बाया आधीच कचरतात. माझ्यामुळं कुणाला त्रास नको. अन् व्हायवाला रेफरींनी (बाहेरच्या परीक्षकांनी) "एवढ्याशा बायांवरून सगळ्या ऊसतोड कामगारांबद्दल कसं बोलता" असं विचारलं तर?

ज्यांचं झालंय त्यांनी कृपया सांगा.

गोदाकाठ

ताई, मी नांदेडकडचा, माझे काही विद्यार्थी या टप्प्यातून गेलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं तुम्ही वर लिहूनच टाकलंय. "आता सगळ्यात जास्त ज्याच्यावर बाया बोलल्या" इथून पुढचं ते लांबलचक वाक्य परत वाचा. कर्ज घेण्याच्या बोलणीत बाई नाही, हिशेबात नाही, पण फेडीच्या श्रमात अर्धी तीच आहे, आणि त्यामुळं पुढच्या हंगामाला जायचं की नाही हेही तिच्या हातात राहत नाही. हेच तुमचं प्रतिपादन. निष्कर्षात पहिल्या पानावर हे तीन वाक्यांत लिहा, तुमच्या शब्दांत, कुणाचाही संदर्भ न देता. मग प्रत्येक चॅप्टर उघडून स्वतःला विचारा, यातल्या कोणत्या वाक्याला हा आधार देतो? जो कशालाच देत नाही तो परिशिष्टात जाऊ द्या.

कापायचं कुठून तेही यातूनच निघतं. मी पैजेवर सांगतो, दुसऱ्या चॅप्टरमध्ये बीड जिल्ह्याचा भूगोल, पाऊसमान, बालाघाटचे डोंगर, साखर कारखानदारीचा इतिहास, सहकार चळवळ असं सगळं असणार. सगळ्यांचंच असतं. पाऊस कमी आणि जमीन हलकी म्हणून माणसं बाहेर पडतात एवढं तुमच्या मुद्द्याला लागतं, ते चार-पाच पानांत होतं. मुलाखतींना हात लावायच्या आधी तिथं कात्री चालवा. बायांचं बोलणं हा तुमचा पुरावा आहे, जिल्ह्याची माहिती गॅझेटिअरमध्येही मिळते.

आणि निष्कर्षात "असे दिसून आले" हा प्रयोग कमी करा. कुणाला दिसून आलं? तुम्हाला. मग "माझ्या मते", "माझं प्रतिपादन असं आहे" असं लिहायला लाजू नका. आपल्याकडं विद्यार्थी नम्रता म्हणून स्वतःला वाक्यातूनच काढून टाकतात अन् मग आरएसीत तोच प्रश्न येतो.

"एवढ्याशा बायांवरून" याला उत्तर सोपंय, पण ते पद्धतीच्या चॅप्टरमध्ये आधीच लिहिलेलं पाहिजे. तुम्ही टक्केवारी सांगत नाही आहात. जिल्ह्यातल्या किती टक्के बायांना उचलीची रक्कम माहीत नसते असा दावा केला असता तर नमुना प्रातिनिधिक लागला असता. तुम्ही एक प्रक्रिया दाखवताय, कर्ज कसं ठरतं, कुणाच्या अंगावर कसं येतं. त्याला हेतुपूर्वक निवडलेल्या, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या बाया चालतात. टायर सेंटर, डोकी सेंटर, बैलगाडी (ऊस कसा वाहतात त्यावरून पडलेले प्रकार), विधवा किंवा एकटीनं अर्धा कोयता म्हणून जाणारी, असं वैविध्य घेतलंय का, आणि नव्या मुलाखतीतून नवं काही यायचं थांबलं तेव्हा थांबलात का, एवढं सांगा. आणि जिथं तुमचा दावा लागू होत नाही ती मर्यादा तुम्ही स्वतःच आधी सांगा.

पैठणगेट

फॉन्टबद्दल सांगतो कारण हे माझ्या डोळ्यासमोर घडलंय दुसऱ्या एकाचं. कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये आपल्याला मराठी दिसतं पण आतून ती इंग्रजी अक्षरांचे अन् चिन्हांचे कोड असतात. सॉफ्टवेअरला ते मराठी म्हणून वाचताच येत नाही, म्हणून सिमिलॅरिटी जवळजवळ शून्य येते अन् माणूस खुश होतो. लायब्ररीवाल्यांनी लक्ष दिलं तर परत पाठवतात, नाही दिलं तर पुढं शोधगंगेवर ते शोधताच येत नाही कुणाला. एवढं लिहून सर्चमध्ये सापडणारच नसेल तर काय उपयोग. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून आधी युनिकोड करा, पण नंतर ओळन् ओळ वाचा, रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरं हमखास इकडं तिकडं होतात. "वर्ष" चं काहीतरी भलतंच होऊन बसतं. तीन चॅप्टरला चांगला आठवडा जाईल, आत्ताच सुरू करा.

सिमिलॅरिटीचे नियम यूजीसीच्या 2018 च्या रेग्युलेशनमध्ये आहेत. 10 टक्क्यांपर्यंत काही नाही. 10 च्या वर 40 पर्यंत आलं तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यायचं, 40 ते 60 असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, 60 च्या वर तर रजिस्ट्रेशनच रद्द. अवतरण चिन्हात संदर्भासह घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे धरत नाहीत. मुलाखतीतली वाक्यं तुमचीच गोळा केलेली, त्याची काळजी नको.

आणखी एक. तुमचं रजिस्ट्रेशन 2021 चं म्हणजे यूजीसीच्या 7 नोव्हेंबर 2022 च्या नव्या पीएचडी रेग्युलेशनच्या आधीचं, तुम्हाला 2016 चे नियम लागणार. म्हणजे सबमिशनच्या आधी एक रिसर्च पेपर छापलेला अन् कॉन्फरन्समध्ये दोन पेपर वाचलेले पाहिजेत. नव्या नियमात ही सक्ती काढली म्हणून बरेचजण गाफील राहतात. आणि सहा वर्षांची मुदत संपत आली म्हणून घाबरू नका, महिलांना दोन वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय बाळंतपण किंवा बालसंगोपनाची 240 दिवसांपर्यंत रजा एकदा घेता येते. अर्ज मात्र मुदत संपायच्या आत.

बालाघाटची लेक

गोदाकाठ सर, तुमचं वाचून मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं अन् तशीच बसून राहिले. खरंच दुसरा चॅप्टर तुम्ही म्हणता तसाच आहे, सत्तर पानांच्या जवळ. पेपर छापलाय, कॉन्फरन्सचेही सर्टिफिकेट आहेत पैठणगेट दादा, ती एक काळजी गेली. फॉन्टचं आज रात्रीपासूनच घेते.

नावांचं कुणी सांगा ना. आणि व्हायवात नेमकं काय होतं?

मांजराकाठची

अगं मी लातूरची, माझा व्हायवा झालाय, विषय वेगळा होता पण मुलाखती होत्याच.

नाव बदलून भागत नाही हे तुझं अगदी बरोबर आहे. तांडा, लेकरांची संख्या, कुठल्या कारखान्याला जातात, कुठल्या साली नवरा वारला, एवढं एकत्र आलं की गावातल्या माणसाला दोन मिनिटं लागतात ओळखायला. मी असं केलं, तालुका ठेवला पण गावाला अक्षर दिलं, कारखान्याचं नाव काढून "पश्चिम महाराष्ट्रातला कारखाना" किंवा "कर्नाटकातला" एवढंच ठेवलं, आणि ज्या बाईचं सांगणं मुकादमाच्या विरोधात होतं तिचं बोलणं एकाच ठिकाणी सलग न देता मुद्द्यानुसार वाटून दिलं. पूर्ण मुलाखती परिशिष्टात टाकू नकोस. नमुना म्हणून एखादी टाक, तीही जिला काहीच धोका नाही अशी. रेकॉर्डिंग तुझ्याजवळ कुलूपबंद ठेव, संमती तोंडी घेतली असेल तर तसं स्पष्ट लिही, सही करायला कचरणाऱ्या बाईकडून तोंडी संमती घेणं यात कमीपणा काही नाही. आणि हे सगळं का केलं त्यावर पद्धतीच्या चॅप्टरमध्ये दोन पानं लिही. माझ्या रेफरींनी त्याचं कौतुक केलं होतं.

जमलं तर एक कर. ज्यांच्याशी बोललीस त्यातल्या दोघी-तिघींना जाऊन त्यांचं छापणार आहेस ते वाचून दाखव. एक बाई मला म्हणाली होती, हे दिराचं तेवढं काढ. काढलं मी. तिचा तो हक्कच आहे.

आता प्रक्रिया. प्रबंध बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडं जातो. दोघांचे रिपोर्ट चांगले आले की व्हायवा लागतो, एकाचा नकारात्मक आला तर तिसऱ्याकडं पाठवतात आणि त्याचा चांगला आला तरच व्हायवा. सबमिशनपासून निकालापर्यंत सहा महिन्यांत व्हावं असं नियमात आहे, पण पाठपुरावा तुलाच करावा लागेल, पीएचडी सेक्शनला दर पंधरा दिवसाला विनम्रपणे विचारत राहा. रिपोर्ट हातात आले की त्यातली प्रत्येक शंका वेगळ्या कागदावर उतरव, उत्तर आणि पान नंबर लिही. व्हायवातले निम्मे प्रश्न तिथूनच येतात.

व्हायवा सगळ्यांसाठी खुला असतो. वीस मिनिटं प्रेझेंटेशन धर. चॅप्टर एक मध्ये हे, दोन मध्ये हे असं सांगत बसू नकोस, त्यांनी वाचलंय. प्रश्न काय होता, शोधलं कसं, सापडलं काय, आणि ज्यांनी आधी या विषयावर लिहिलंय त्यांच्यापेक्षा यात नवं काय. हे शेवटचं फार विचारतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात गुजरातमधल्या बारडोलीकडच्या ऊसतोड मजुरांवर केलेलं काम तुझ्या रेफरीला माहीत असणारच, त्यांच्या पुढं तू काय भर घातलीस ते दोन वाक्यांत पाठ असू दे. तुझ्याकडं उत्तर आहे, घरातल्या घरात कर्जाचा भार कसा सरकतो ते तू दाखवलंयस.

एखादा प्रश्न नाहीच आला तर "याचा मी या दृष्टीनं विचार केलेला नाही, माझ्या माहितीवरून एवढंच सांगता येईल" असं म्हण अन् थांब. गोलगोल बोललं की परीक्षक तिथंच खणत बसतात.

आणि जेवणावळ, शाली, भेटवस्तू याचं दडपण घेऊ नकोस. रेग्युलेशनमध्ये तसलं काहीही नाही. चहा-पोहे पुष्कळ झाले. तासिकेच्या मानधनावर शिकवणाऱ्या मुलीनं कर्ज काढून पंगत घालायची हे मला अजिबात पटत नाही, आणि तुझा विषय बघता तर मुळीच नाही.

बालाघाटची लेक

ताई, शेवटचं वाचून डोळे भरून आले. वाचून दाखवायचं नक्की करते, बाया हंगामाला जायच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे दसऱ्याच्या आधीच.

ते तीन वाक्यांचं मी असं लिहिलंय, बघा बरं:

"ऊसतोडीच्या उचलीचा व्यवहार पुरुष आणि मुकादम यांच्यात ठरतो, परंतु तिची फेड जोडप्याच्या श्रमातून होते. त्यामुळे स्त्री ज्या कर्जाची पक्षकार नाही त्या कर्जाची ती कर्जदार बनते. माझे प्रतिपादन असे की स्त्रियांच्या हंगामी स्थलांतराचा निर्णय समजून घ्यायचा तर दुष्काळाइतकेच या हिशेबाकडे पाहिले पाहिजे."

गोदाकाठ

उत्तम. "कर्जदार बनते" याला परीक्षक कायद्याच्या बाजूनं अडवतील, कागदावर ती कर्जदार नाहीच. "फेडीची जबाबदारी तिच्यावर येते" असं करा. बाकी तसंच ठेवा, याच्यापुढं एक ओळही भाषा सजवू नका. दुसरा चॅप्टर कापून झाला की मला मेसेजमध्ये पाठवा, प्रिसबमिशनच्या आधी एकदा नजर टाकतो.